ऐंशीवरची रेघ

नागपूरहून अमेरिकेत श्रूजबरीला येऊन चार महिने झाले, तरी माझ्या प्रीताने शाळेत चकार शब्द काढला नव्हता. घरी मात्र माझं डोकं खायची. २००६च्या जानेवारीत तिच्या बाईंनी, मिसेस डोलननी, मला शाळा सुटल्यावर बोलावून घेतलं; प्रीताही वर्गातच होती. पोरगी अशीच गप्प राहिली, तर तिला चौथीतून तिसरीत बसवणार होते. माझा नुसता संताप झाला होता. शाळेवर, प्रीतावर आणि हौसेने इथली नोकरी घेणाऱ्या माझ्या नवऱ्यावरही.

वर्गात भिंतभर रोमन आकडे लावले होते. प्रत्येकाने आपल्याला महत्त्वाचा वाटणारा आकडा लिहायचा होता. एका पठ्ठ्याने गावाची लोकसंख्या लिहायला घेतली आणि हजाराचे M काढता काढता कागद संपवला. प्रीताने फक्त LXXX लिहिलं होतं. ऐंशी, आजोबांचं वय, म्हणजे माझ्या बाबांचं. आणि त्यावर चक्क शिरोरेषा! रविवारी मीच तिला मराठी शिकवते. वर रेघ ओढल्याशिवाय अक्षर पुरं झालं असं ती मानतच नाही.

बाईंनी तो कागद काढून टेबलावर ठेवला. मोठ्या आकड्यांसाठी इतके M लिहीत बसायला नको, वर रेघ दिली की आकडा हजारपट होतो, हे त्यांनी सकाळीच वर्गाला सांगितलं होतं.

"म्हणजे हिचे आजोबा ऐंशी हजार वर्षांचे," त्या हसून म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिसरीत ढकलायला आयतंच कारण मिळालं! मी खोडरबर उचललं.

"प्रीता, चुकलंय ते. पूस ती रेघ."

तिने कागदावर दोन्ही हात दाबून धरले.

"पूस म्हणते ना!"

"नो!" ती ओरडली आणि बाईंकडे वळली. "प्लीज, मिसेस डोलन, आय वाँट द लाइन. माय आजोबा इज इन आयसीयू. ही इज ओन्ली एटी."

बाबांना आयसीयूत हलवल्याचं आम्ही तिला सांगितलंच नव्हतं. नागपूरचा फोन आला की मी गराजमध्ये जाऊन बोलायचे.

बाई तिच्याजवळ खाली बसल्या. आजोबा कसे आहेत, काय करतात, विचारू लागल्या आणि माझी मुकी पोर मोडक्यातोडक्या इंग्रजीत भडाभडा बोलत सुटली.  मी मुलांच्या बुटक्या खुर्चीत बसून बाबांसाठी रडत होते.