एलर्टकाकांच्या काट्यावरचे अकरा किलो

समजा, तुम्ही दहा वर्षांचे आहात. असालच कदाचित, मग समजण्याचे कष्ट वाचले. समजा, तुमच्या गळ्यात शिट्टी आहे, हातात स्टॉपवॉच आहे, आणि तुमच्याहून नऊ वर्षांनी मोठी ताई तुम्ही शिट्टी वाजवली की धावते आणि पुन्हा वाजवली की थांबते. रोज. कुरकुर न करता. कसं वाटेल?

दूर उत्तरेच्या समुद्रातल्या स्कार्वया बेटावरच्या रुनाला अगदी तसंच वाटत होतं. मार्चचा अख्खा महिना तिचे पाय जमिनीला नीट टेकलेच नाहीत.

झालं होतं असं, की तिच्या ताईला, तोरुनला, सैन्यातली अधिकारी व्हायचं होतं. अधिकाऱ्यांच्या शाळेत घ्यायच्या आधी तिकडे निवड असते, आणि निवडीचं पत्र आलं होतं. त्यात बऱ्याच गोष्टी होत्या, पण तोरुनची झोप उडवली ती एकाच ओळीने. पाठीवर अकरा किलोंची सॅक घेऊन पंधरा किलोमीटर, दोन तास वीस मिनिटांच्या आत. एकच संधी. जमलं नाही तर त्याच संध्याकाळी घरी.

तोरुनला पळायची सवय होती, ओझ्याची नव्हती. बाबा पहाटेच बोटीवर जायचे, तेव्हा तयारी करून घ्यायची जबाबदारी रुनाने स्वतःकडे घेतली. कुणी दिली नव्हती; तिने घेतली. तिने वेळापत्रक करून फ्रीजवर चिकटवलं. कॉड मासे वाळत घालायच्या लाकडी मांडवाला लटकून तोरुन हनुवटी वर न्यायची, आणि दोन्ही बाजूंनी वाळके कॉड तिच्या कानावर टपटप आपटायचे. ती जोर काढायची तेव्हा रुना पाठीवर मांडी घालून बसायची आणि शाळेची कविता पाठ करायची. कविता संपेपर्यंत थांबायचं नाही, असा नियम. रुनाने कवितेला आणखी दोन कडवी स्वतःची जोडली, तेव्हा मात्र तोरुनने तिला बर्फात लोळवलं.

आणि मग सॅक. अकरा किलो म्हणजे अकराच हवेत, कमी भरून स्वतःलाच फसवायचं नाही, असं रुनाचं म्हणणं. घरात वजनाचा काटा ठेवायची आमच्याकडे पद्धत नाही. धक्क्यावर आहे ना. शाळा सुटली की बेटावरची सगळी मुलं खाऊच्या पैशांसाठी धक्क्यावर कॉडच्या जिभा कापायला जातात, तशी रुनाही जायची, त्यामुळे तिथला मोठ्या गोल तबकडीचा काटा तिच्या रोजच्या ओळखीचा. तो सांभाळायचे एलर्टकाका. रुनाने सॅक काट्यावर ठेवली आणि त्यात जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या टाकत गेली, टाकत गेली, काटा अकरावर येईपर्यंत.

एलर्टकाकांनी सॅक एका हाताने उचलून पाहिली. म्हणाले, बरोबर आहे, अकरा असेच लागतात हाताला. बाबांनी उचलली, तेही तेच म्हणाले. धक्क्यावरच्या सगळ्यांनी एकेकदा उचलली आणि सगळ्यांचं एकमत झालं. चाळीस वर्षं मासे उचललेले हात ते, चुकतील कशाला?

धक्क्यापासून दीपगृहापर्यंत आमचा एकच रस्ता, साडेसात किलोमीटरचा. जाऊन येऊन पंधरा. तोरुन पुढे, तिच्यामागे सायकलवर रुना. पहिल्या दिवशी दोन तास एकोणपन्नास मिनिटं लागली. ठीक आहे, पहिलाच दिवस. दुसऱ्या आठवड्यात दोन एकेचाळीस. मग दोन चौतीस. मग दोन एकतीस. आणि तिथे गाडी अडली ती अडलीच. तोरुनने दात ओठ खाऊन पाहिलं, रुनाने शिट्टीचे तीन नवे प्रकार शोधले, समुद्रावरचा वारा अगदी पडलेला असेल असा दिवस गाठला, तरी दोन तीस काही तुटेना. तोरुनच्या खांद्यांवर पट्ट्यांचे जांभळे वळ उठले. सहाव्या आठवड्याच्या शनिवारी पुन्हा दोन एकतीस झाली, तेव्हा ती रस्त्याच्या कडेला घाणेरड्या बर्फात बसली आणि रुनाला शांतपणे म्हणाली, की सोमवारच्या बोटीने ती जाणार नाही. ज्यांना अकरा किलो झेपत नाहीत त्यांनी माणसांची जबाबदारी घ्यायला जाऊ नये.

रुनाने गळ्यातली शिट्टी काढून खिशात घातली. सहा आठवड्यांत असं पहिल्यांदाच झालं.

घरी जाऊन तोरुन टेबलाशी बसली आणि नकाराचं पत्र फोनवर लिहू लागली. रुना मात्र पुन्हा सॅककडे वळली. तिच्या मनात आलं, दोष शिशाचा असेल. गोळ्या पाठीला टोचतात, कमरेशी लोंबतात. मऊ वजन भरलं तर? ती धावत बोर्गहिल्डबाईंच्या दुकानात गेली आणि पाच पाच किलोंच्या पिठाच्या दोन पिशव्या दोन दिवसांसाठी मागितल्या. पीठ व्यायामाला जाऊन परत येणार, हे बाईंना नवीन होतं, पण त्यांनी दिल्या. तेवढंच नाही, ढकलगाडीही दिली.

धक्क्यावर रुनाने पहिली पिशवी काट्यावर ठेवली. काटा हललाच नाही.

तिने पिशवी सरकवून ठेवली, आपटून ठेवली, शेवटी वरून हाताने दाबली. काटा खालच्या खिळ्यावर टेकून होता, तसाच आरामात टेकून राहिला. दुसरी पिशवी चढवली तेव्हा कुठे तो आळसावत उठला आणि तीनवर जाऊन थांबला.

दहा किलो पीठ आणि काटा म्हणतो तीन! रुनाचं डोकं तापलं. बोर्गहिल्डबाई इतक्या गोड हसतात ते उगीच नाही, असं तिच्या मनात आलं. तिने गाडी वळवली, तडक दुकानात शिरली, आणि चार गिऱ्हाइकांसमोर जाहीर केलं की या पिशव्यांमध्ये पीठ कमी भरतात.

बाईंनी पिशवी उचलून दुकानाच्या काट्यावर ठेवली. पाच. दुसरी ठेवली. पाच.

"आता कुणाला चोर म्हणायचं, बाईसाहेब?" त्या म्हणाल्या.

"धक्क्यावर दोन्ही मिळून तीनच भरल्या."

"माशांच्या पेटीत ठेवून?"

"नाही. नुसत्याच."

बाईंनी चष्मा काढला. "अगं, धक्क्यावरचा काटा पेटीचे सात किलो आधीच कापतो ना? मासे मोजायचे, पेटी नाही. एवढं तर पाळण्यातल्या पोरालाही माहीत आहे."

रुनालाही माहीत होतं. बेटावर सगळ्यांनाच माहीत होतं. रिकामी पेटी ठेवली की काटा शून्यावर, हे तिने हजारदा पाहिलं होतं. पण पेटी नसतानाच काही ठेवलं तर काय होईल, हा विचार कुणी केलाच नव्हता; कारण पेटीशिवाय तिथे काही ठेवतंच कोण? आणि हात? धक्क्यावरच्या हातांनी आयुष्यभर अकरा किलो मासे उचलले ते पेटीसकट. त्या हातांना अठरा किलो म्हणजेच अकरा.

रुना दुकानात उभी राहिली, आणि आधी तिला रडू आलं, कारण ते जांभळे वळ तिने उठवले होते. मग ती हसायला लागली. हसत हसत, रडत रडत, ढकलगाडी तिथेच टाकून ती घराकडे पळाली. वाटेत एक बूट निघाला, तो हातात घेऊन पळाली.

तोरुनचं पत्र लिहून झालं होतं. फक्त शेवटी 'आपली नम्र' लिहावं की 'आपली विश्वासू', एवढंच ठरत नव्हतं.

रुनाने सगळं एका दमात सांगितलं. पिठापासून सुरू केलं, मध्ये बोर्गहिल्डबाईंना चोर म्हटल्याचंही कबूल केलं, आणि शेवटी मान खाली घालून म्हणाली, की चूक माझीच, मीच मोजलं होतं. आणि एका हातात बूट धरून उभी राहिली.

तोरुनने फोनवरून मान वर केली.

"म्हणजे सहा आठवडे मी पाठीवर एक पेटी घेऊन पळत होते?"

"रिकामी," रुना म्हणाली. "मासे नव्हते त्यात."

तोरुनने फोन उलटा ठेवला. तिच्या नाकातून विचित्र आवाज आला. मग ती टेबलावर डोकं टेकून इतकी हसली, की बाबा अंगणातून आत आले आणि कुणाला काय झालं म्हणून विचारू लागले. दोघींपैकी कुणालाच सांगता येईना.

रविवारी सकाळी सॅक दुकानातल्या काट्यावर मोजली. अकरा. तोरुनने ती पाठीला लावली आणि वळून पाहिलं, खरंच लावली आहे ना म्हणून. मग ती जी सुटली! चढावर रुनाला सायकलवरून उतरावं लागलं. तोरुन पुढे जाऊन उलटी वळली, रुनाभोवती एक फेरी मारली आणि पुन्हा पुढे गेली. दीपगृहाशी तिने सीगलना सलाम ठोकला. धक्क्यावर परत आली तेव्हा स्टॉपवॉचवर होते दोन तास सहा मिनिटं. रुनाने शिट्टी वाजवायला तोंडात धरली, पण हसू आवरेना, त्यामुळे नुसतीच थुंकी उडाली.

सोमवारी तोरुन बोटीत बसली.

इकडे बेटावर वेगळाच गोंधळ उडाला होता. बातमी पसरल्यावर लोकांच्या हळूहळू ध्यानात आलं, की स्वतःचं वजनही आपण आजवर त्याच काट्यावर केलं, पेटीत न बसता. शाळेतल्या नर्सबाई रुनाला तेहतीस किलोंची म्हणायच्या आणि ती त्यांना सव्वीस सांगून भांडायची, ते भांडण मिटलं. एलर्टकाकांना मुख्य भूमीवरच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी एक्याण्णव सांगितलं होतं. काकांनी घरी येऊन सांगितलं होतं, की शहरातले काटे बिघडलेत, मी चौऱ्याऐंशीचा माणूस. आता धक्क्यावर ते पेटीवर रुसून बसले होते. बाबा हल्ली पोट आत ओढून चालत होते.

गुरुवारी दुपारी बोटी परतल्यावर तोरुनचा फोन आला. रुनाने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. दोन तास चार मिनिटं, तोरुन म्हणत होती, आणि पुढच्या फेरीत घेतलं मला, आणि माझ्यापेक्षा उंच मुलं मागे राहिली, आणि इथे चहा अगदीच पांचट असतो. पुढचं काही ऐकू आलं नाही, कारण धक्क्यावर आरोळ्या उठल्या होत्या. बाबांनी रुनाला उचलून गोल फिरवलं. ठेवलं तेव्हा त्यांना धाप लागली होती.

रुनाने त्यांच्याकडे पाहिलं. मग पेटीवर बसलेल्या एलर्टकाकांकडे पाहिलं. शिकवायला आता कुणीच उरलं नव्हतं, आणि दुपार अजून बरीच शिल्लक होती.

"उठा काका," ती म्हणाली. "बाबा, तुम्हीपण. फक्त दीपगृहापर्यंत."

"आणि परत यायचं कसं?" काकांनी विचारलं.

रुनाने स्टॉपवॉच शून्यावर आणलं आणि जोरात शिट्टी वाजवली.