न धुतलेला रोल

मुळगावच्या गुरुदासला डिजिटल कॅमेऱ्याचा राग होता आणि तो राग त्याने तळहातावरच्या फोडासारखा जपला होता. वीज खात्यातली नोकरी, बायको आणि एक मुलगा एवढा प्रपंच सांभाळून हा माणूस सुट्टीच्या दिवशी गळ्यात जुना फिल्मचा कॅमेरा अडकवून रानोमाळ हिंडायचा. रोल मुंबईहून मागवायचा, धुवायलाही मुंबईलाच पाठवायचा आणि महिन्याभराने आलेले फोटो बघत आठवडाभर खुशीत राहायचा.

मांद्र्याला गेस्टहाउस चालवणारा सर्वेश हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. तोही फोटोवेडाच, पण डिजिटलवाला. भेटले की दोघांची जुंपायची.

"अरे, काढलो, बघलो, वायट आयलो तर परत काढलो," सर्वेश म्हणायचा. "तुजां म्हणजे पोटातल्या पोराचा तसा. भायर येयसर काय कळाक नाय."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," हे गुरुदासचं ठरलेलं उत्तर. "तुज्या हजार फोटयांत एकात तरी जीव आसा?"

हे सगळं रुद्रेश होता तेव्हाचं. बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला हा एकुलता एक मुलगा दोन वर्षांमागे मे महिन्यात मित्रांबरोबर बंद पडलेल्या खाणीच्या खंदकात पोहायला गेला. वरून पाणी हिरवंगार, शांत. खाली किती खोल ते खणणाऱ्यांनाच ठाऊक, आणि ते कधीच निघून गेले होते. मित्र वर आले. रुद्रेशला दुसऱ्या दिवशी काढलं. खंदकाला कुंपण घालायचं तोवर कुणाला सुचलं नव्हतं. नंतर लगबगीने धोक्याचा फलक लागला. बैल गेला नि झोपा केला.

त्याच्या आदल्याच रविवारी बापलेक चोपड्याला मामाकडे गेले होते. होडीत बसलेला, गळ टाकणारा, मामाचा ढगळ सदरा घालून हसणारा रुद्रेश गुरुदासने पोटभर टिपला होता. रोलच्या छत्तीस फोटोंतले पाच काढायचे उरले. फिल्मवाल्यांची जात कंजूष. रोल संपल्याशिवाय तो काढणं म्हणजे त्यांना पाप वाटतं. तो तसाच कॅमेऱ्यात राहिला आणि कॅमेरा कपाटात गेला.

लोकांच्या फोनांत रुद्रेशचे फोटो पोत्याने होते. त्याच्या आईने, चंद्रावतीने, ते सगळे मागवून घेतले आणि पुन्हा पुन्हा बघितले, कुठल्यानंतर कुठला येणार हे पाठ होईपर्यंत. मग एक दिवस तिने फोन उपडा ठेवला. गुरुदास म्हणाला, चंद्रा, तो रोल पाठवतो. ती अंगावरच धावून आली.

"धुवूक देव नकात! फोनातलो रुद्रेश माझो बघून संपलो. थंय भितर अजून न बघललो आसा. तेवढो तरी रवांदेत."

कपाट पुसताना ती कॅमेऱ्यावरून हात फिरवायची, आकड्यांच्या काट्यापाशी वाकून 'पाच उरलेत' असं पुटपुटायची आणि त्या दिवशी नीट जेवायची. बाई त्या रोलवर जगत होती, यात अतिशयोक्ती नाही.

सर्वेशला हे कळलं तेव्हा तो थट्टा विसरला. "गुरुदास, दोन पावसाळे कपाटात? आमच्या ह्या दमट हवेत बुरशी येता रे. आणखी एक पावसाळो गेलो तर काय उरूचा नाय."

ते गुरुदासच्या डोक्यात बसलं. पुढच्या बुधवारी चंद्रावती डिचोलीच्या बाजाराला गेली तेव्हा त्याने कॅमेरा बाहेर काढला. रोल गुंडाळून फ्रिजमध्ये जपून ठेवायचा, धुवायचा नाही, एवढंच त्याच्या मनात होतं. त्याने गुंडाळायची दांडी फिरवली. फिल्म ओढली जाताना हाताला जो ताण लागतो, तो लागेना. त्याने मागचं झाकण उघडलं. फिल्मची जीभ, म्हणजे रोलबाहेर आलेलं तिचं टोक, चक्राच्या दातांत अडकलीच नव्हती. चोपड्याला रुद्रेश "बाबा, बेगीन, भरती येता" म्हणून नाचत होता आणि गुरुदासने उभ्या उभ्या रोल भरला होता. काटा सरकत राहिला, फिल्म जागची हलली नाही. मुलाकडे बघून त्याने जितक्या वेळा कळ दाबली, तितक्या वेळा सगळं त्या आधीच उजेड लागलेल्या जिभेवर एकावर एक पडून नासलं होतं. डिजिटल असता तर पहिल्याच फोटोला कळलं असतं.

तोंडात टॉवेल कोंबून तो रडला. मग तोच कोरा रोल त्याने पुन्हा भरला, या वेळी नीट, आणि लेन्सवर झाकण ठेवून कळ दाबत राहिला, काटा होता तिथे येईपर्यंत. बायको तांबडी भाजी घेऊन परतली तेव्हा कॅमेरा कपाटात जागच्या जागी होता. खोटं बोलायला दर वेळी तोंड उघडावं लागतं असं नाही.

दुसऱ्या वर्षाचं श्राद्ध झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रावती ठेवणीतलं पातळ नेसून, केसांत अबोली माळून बाहेर आली. कॅमेरा तिच्या हातात होता.

"हे पाच माझे काढा," ती म्हणाली. "मगे द्या धुवूक. आता बघूक जमतलां माका. एकाच रोलार मी आणि तो, दोगांय."

ती खांबापाशी उभी राहिली, पदर सारखा केला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा हसली. गुरुदासने कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत ते हसू नेमकं बसलं होतं, पण कळीवरचं बोट काही दबेना.

"काढा मरे," ती म्हणाली.

त्याने कॅमेरा खाली घेतला. "चंद्रा, ह्या रोलार तो नाय. फिल्म लागूकच नाय त्या दिवशी. माझी चूक."

ती तशीच उभी राहिली, हसूही तोंडावर तसंच. मग तिने मान वळवून आत कपाटाकडे बघितलं.

"मगे खंयच्या रोलार आसा?" तिने विचारलं. "तो आणा."