सुविचाराखाली लिहिलेला एक शब्द

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. पण वर्गातला भला मोठा फळा डोळ्यांपुढे आणू नका. शाळेच्या फाटकाजवळ सुविचाराचा फळा टांगलेला असतो ना, तो मी. अडीच फूट लांब, जेमतेम दीड फूट उंच. माझ्यावर एकच ओळ मावते. या एवढ्याशा अंगाचा मला भारी तोरा आहे, आणि तो उगाच नाही.

मोर्शीच्या एका शाळेत एका मोडक्या बाकाची फळी वाया जाऊ नये म्हणून वामनराव सुतारांनी ती रंधली, चौकट ठोकली, काळा रंग दिला, आणि मी झालो. रोज प्रार्थनेच्या आधी तिथल्या शिक्षिका चारुशीलाबाई ओल्या फडक्याने माझं तोंड पुसत आणि खडूने एक ओळ लिहीत. ओळ मावली नाही तर अक्षर बारीक करायचं नाही, हा त्यांचा नियम. त्या वाक्यच पुसून लहान करत. असे आम्ही बावीस वर्षं काढली. पाहुणे येत, बाईंच्या अक्षराचं कौतुक करत, आणि मी फुगून जाई.

मात्र एक गोष्ट मला आतून खात असे. मुलं माझी ओळ वाचत आणि प्रार्थना संपेपर्यंत विसरून जात. माझ्यावर लिहिलेलं कधी खरं झालं का, हे कोणी विचारलं नाही. नंतर शाळेत दिव्यांच्या अक्षरांची पाटी आली. तिच्यावर सुविचार पळू लागले आणि मी लेझीम व फाटक्या सतरंज्यांच्या मागे जाऊन पडलो. तीन वर्षं मला कोणी पुसलं नाही. बाई निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाला काय देऊ असं शाळेने विचारलं. बाईंनी मला मागितलं. त्या दिवशी मी रडलो असतो, पण फळ्याला ओल चांगली नसते.

बाई अमरावतीत राहायला आल्या. त्यांची भाची निधी तिथेच एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर पाच जणांची सॉफ्टवेअरची टीम चालवत होती. पुण्याची नोकरी सोडून ती गावी परतली होती. शेंदूरजनाघाटच्या संत्रा बागायतदारांच्या संघासाठी तिची टीम मोबाइलचं ॲप करत होती. काम दोन-दोन आठवड्यांच्या, शुक्रवारी संपणाऱ्या टप्प्यांत चाले. अशा टप्प्याला ती मंडळी स्प्रिंट म्हणत आणि त्या टप्प्यात नेमकं काय साधायचं, त्याला स्प्रिंट गोल.

हा गोल सगळ्यांना दिसेल असा लिहायला काहीतरी हवं म्हणून बाईंनी मला तिथे नेलं. निधीने बाईंसारखंच वळणदार अक्षर काढून लिहिलं, ‘आपण शेतकऱ्यांसाठी सर्वोत्तम ॲप घडवू या.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र मनात म्हटलं, झालं, पुन्हा सुविचार.

आणि तसंच झालं. शेजारच्या भिंतीवर चौदा कामांच्या चिठ्ठ्या लागल्या. पियुष नावाचा हुशार मुलगा बागांचा रंगीत नकाशा करत बसला, दुसरा अहवालाच्या मागे लागला, तिसरा हवामानाच्या. जो तो आपापल्या कामात गर्क. दोन आठवड्यांनी संघाचे अध्यक्ष रामराव काम बघायला आले. धोतर, पांढरा सदरा, खिशात चष्मा. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं. नकाशा अर्धा, अहवाल अर्धा, हवामान तर कालचंच.

“सारंच अर्धं करून राहिले तुमी,” ते म्हणाले. “पंधरा दिवसांनी आंबियाची पहिली गाडी भरन. तवा मी हे काहून उघडू, एवढं मले सांगा.”

आंबिया म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाला निघणारा संत्र्याचा बहार. रामरावांनी आवाज न चढवता सांगितलं की त्या गाडीला ॲप कामी आलं तर पुढचं काम यांचंच, नाही तर संघ आपल्या जुन्या वह्यांकडे परत जाईल. निधीचा चेहरा उतरला. ते काम गेलं तर टीम मोडणार आणि तिला पुण्याचा रस्ता धरावा लागणार, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

तेव्हा प्रणाली माझ्याकडे बघत उभी राहिली. ती धामणगाव रेल्वे या गावची, टीमच्या कामातल्या चुका शोधून काढणारी, बोलायला तिखट. ती म्हणाली, “हे सर्वोत्तम झालं का नाई झालं, हे शुक्रवारी कसं समजन आपल्याले?”

मित्रांनो, बावीस वर्षं मी ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो हाच.

निधीने रामरावांना बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, गाडी भरायच्या दिवशी तुमची सगळ्यात मोठी अडचण कोणती? ते म्हणाले, कॅरेटची. कॅरेट म्हणजे संत्री भरायचा प्लास्टिकचा क्रेट. बागांमध्ये रेंज नसते, पाच बागांची कॅरेटं संघाच्या शेडमध्ये एकत्र होतात, आणि माल खराब निघाला की ठपका भलत्याच्याच माथी बसतो. गेल्या बहारात संघातल्या बागायतदार वच्छलाबाईंचा चांगला माल असाच बदनाम झाला होता आणि त्या संघ सोडायच्या गोष्टी करत होत्या.

निधीने खडू उचलला. पहिलं वाक्य ‘नकाशा व अहवालासह संपूर्ण माहिती’पर्यंत गेलं आणि चौकटीला धडकलं. ती अक्षर बारीक करायला लागली तसा, त्या दिवशी काम बघायला आलेल्या बाईंनी तिचा हात धरला. “अक्षर नाही, वाक्य लहान कर.” दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा ओळ मावली.

‘गाडी निघण्याआधी प्रत्येक कॅरेट कोणाचं ते कळेल.’

मग प्रणाली भिंतीवरची एकेक चिठ्ठी हातात घेऊन विचारत गेली, काहून, म्हणजे कशासाठी? उत्तर माझ्या ओळीपर्यंत पोचलं तर चिठ्ठी राहायची, नाही तर खाली. चौदातल्या पाच उरल्या. पियुषचा नकाशाही खाली आला. ती चिठ्ठी खिशात कोंबून तो घरी निघून गेला. दुसऱ्या सकाळी मात्र तो माझ्यासमोर थोडा वेळ उभा राहिला आणि रेंज नसताना नोंद फोनमध्ये कशी टिकवायची, हे सगळ्यात अवघड काम त्याने स्वतः मागून घेतलं. रोज सकाळी पाचही जण माझ्यापुढे उभे राहून ओळ वाचत आणि आज तिच्यासाठी काय करणार ते सांगत. मला इतकं कोणी कधी वाचलं नव्हतं.

खरी परीक्षा आठव्या दिवशी आली. रामरावांचाच फोन आला, प्रत्येक कॅरेटचा फोटोही घेता आला पाहिजे म्हणून. ज्यांच्या हाती आपलं सारं काही, त्यांना नाही कसं म्हणायचं? तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझी ओळ फोनवर जशीच्या तशी वाचून दाखवली. फोटो घ्यायला गेलो तर हे होणार नाही, असं सांगितलं. मग रामराव म्हणाले, “मंग फोटो राहू द्या. ओळीतलं करा.”

गाडी भरायच्या दिवशी मला फडक्यात गुंडाळून शेंदूरजनाघाटला नेलं आणि शेडच्या खांबाला टांगलं. बागेतच छापील खुणेची चिठ्ठी चिकटवलेली कॅरेटं येऊ लागली. माल निवडणाऱ्या माणिकबाई एकेका चिठ्ठीवर फोन धरत आणि त्यावर उमटलेलं बागायतदाराचं नाव मोठ्याने वाचत. दुपारी एका कॅरेटमध्ये डागी फळं निघाली. चारपाच जण एकदमच म्हणाले, वच्छलाबाईंचं असेल. माणिकबाईंनी फोन धरला. नाव भलतंच आलं, खुद्द रामरावांच्या बागेचं.

रामरावांनी चष्मा लावून ते नाव दोनदा वाचलं. मग ते कॅरेट स्वतः उचलून बाजूला ठेवलं आणि वच्छलाबाईंसमोर उभे राहून म्हणाले, “गेल्या बहाराची माफी मागतो, बाई.” वच्छलाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि आपली कॅरेटं गाडीकडे ढकलली. प्रत्येक कॅरेटचं नाव लागल्यावरच गाडी निघाली. प्रणालीने पियुषच्या पाठीत गुद्दा घातला आणि निधी इतकी हसली की तिला ठसका लागला. पुढचं काम आता तिच्याच टीमचं होतं.

मित्रांनो, त्यानंतर माझ्यावर कितीतरी ओळी आल्या आणि पुसल्या गेल्या. तुमच्याही घरात, वर्गात माझ्यासारखा एखादा फळा असेल तर त्याला रोज ओल्या फडक्याने पुसा, उन्हापावसात टाकू नका. आणि त्याला गच्च भरू नका. एकच ओळ लिहा, पण खरी झाली की नाही हे विचारता येईल अशी लिहा. कारण त्या दिवशी गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर रामराव माझ्याजवळ आले, त्यांनी निधीच्या हातातला खडू घेतला आणि माझ्या ओळीखालच्या चिंचोळ्या पट्टीत, बावीस वर्षांत एकाही सुविचाराखाली कोणी जो लिहिला नव्हता, तो शब्द लिहिला. ‘झालं.’