दोनशे चाळीस वेढे

तारेचं टोक अजून नीट खरवडलं गेलं नव्हतं... ब्लेडखाली तारेवरच्या वार्निशचा तो तांबूस-काळा थर कुठेतरी चिकटून राहिला होता, केसाएवढ्या तारेवर त्याहून बारीक, आणि तो राहिला की वरून सोल्डर छान चकाकतं पण आत जोड होत नाही, हे डोळ्यांना दिसण्याआधी तिच्या बोटांना कळत होतं. अठ्ठावीस वर्षं कारखान्यात कॉइलच गुंडाळल्या होत्या. चष्म्याचा नंबर वाढला, बोटांचा नाही. तिने तार पुन्हा पात्याखाली ओढली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना व्हॉल्व्हचा रेडिओ पेटीतून काढून पालथा घातला होता. लग्नाच्या वर्षी घेतलेला. खालून पाहिलं तर सगळा तारांचा गुंता, पण गुंता बघणाऱ्याला. ज्याने जोडला त्याच्यासाठी तो नीट लावलेला संसारच. सव्वानऊ झाले होते. अकरा वाजता रेडिओवर ती मंडळी बोलायला लागणार होती, आणि आज तिच्याच नवऱ्याबद्दल बोलणार होती.

मास्तरांचा फोन मंगळवारी आला होता. मास्तर म्हणजे त्या हौशी बिनतारीवाल्यांचे म्होरके, दर रविवारी सगळ्यांना हवेवर गोळा करणारे. "वहिनी, येत्या रविवारी आम्ही भाऊंची आठवण काढणार आहोत. तुम्ही माझ्याकडे या ऐकायला, गाडी पाठवतो." ती म्हणाली, "बघते." बघते म्हणजे नाही, हे मास्तरांनाही कळलं असणार. परक्याच्या दिवाणखान्यात, सगळे आपल्याकडे चोरून बघताहेत आणि कुणीतरी पाण्याचा पेला पुढे करतंय... नको. ऐकायचं तर स्वतःच्या घरात.

पण ऐकायचं कशावर? नवऱ्याचं बिनतारी यंत्र तो गेल्यावर पंधरा दिवसांत तिनेच उचलायला लावलं होतं. न्या ते, म्हणाली होती, आणि त्या वेळी तिला राग आला होता—मेलेल्या माणसाचा राग येतो, त्यात लाजायचं काय? चार महिने झाले, अजून येतो. दर रविवारी अकरा ते साडेबारा तो मागच्या खोलीत जायचा, दार लावून घ्यायचा, आणि दाराआडून त्याचा आवाज यायचा. शब्द नाहीत, नुसती गुणगुण, मधेच हसू. हसू! घरात चार वाक्यांत दिवस काढणारा माणूस. जेवताना "मीठ", झोपताना "दिवा". आणि तिकडे कोण कुठल्या परक्यांशी दीड-दीड तास. मी काय ह्यांना बोलू नका म्हटलं होतं?

त्या परक्यांशी तो काय बोलायचा, एवढंच तिला हवं होतं. तो तर आता सांगणार नव्हता. पण ज्यांनी ऐकलं ते आज सांगणार होते, आणि एकदाच.

जुना रेडिओ त्यांच्या जागेवर लावला की माणसांच्या आवाजाऐवजी नुसती बदकं ओरडल्यासारखं यायचं. आधी तिला वाटलं व्हॉल्व्ह गेला. मग नवऱ्याची वही काढली आणि त्यात सगळं सरळ लिहिलेलं होतं: ही मंडळी आवाजाला वाहून नेणारी मूळ लहर गाळून टाकतात, एकच बाजू पाठवतात, कमी विजेत लांब पोचतं. गाळलेली लहर ऐकणाऱ्याने आपल्याच रेडिओत तयार करून मिसळायची. एक जादा व्हॉल्व्ह, एक कॉइल, की बदकांची माणसं होतात. वाचून ती एकटीच हसली होती. अर्धवट पाठवायचं आणि उरलेलं समोरच्याने पदरचं घालून समजून घ्यायचं—बरोबर, ही रीत घरातही चालायचीच!

आणि त्याच पानावर ह्याच रेडिओचा नकाशा. अकरा वर्षांपूर्वीची तारीख. कुठला व्हॉल्व्ह, कुठली तार कुठे, सगळं शिसपेन्सिलीने, सुबक. फक्त कॉइलपाशी जागा मोकळी, आणि बाजूला बारीक अक्षरात—वेढे किती? हिला विचारणे.

विचारलं नव्हतं. अकरा वर्षांत कधी नाही.

दोनशे चाळीस. कुणीही विचारलं असतं तर झोपेतून उठून सांगितलं असतं... दोनशे चाळीस, साठाव्या वेढ्यावर एक फाटा काढायचा. पहिली कॉइल काल झाली ती आज सकाळी हातातून निसटून तुटली, म्हणून ही दुसरी. तिने नळीवर तार धरली आणि सुरू केलं, ओठ हलत होते. एक, दोन, तीन...

"आई, एक सांगायचं होतं," मुलगी दारात येऊन म्हणाली. रात्रीच सासरहून आली होती ती, एकटीच, मोठी बॅग घेऊन. बॅग एवढी मोठी कशाला, हे विचारायचं राहून गेलं होतं. एकशे अकरा, एकशे बारा... मोजणी चुकली की सगळं सोडून पहिल्यापासून, हे कारखान्यात हाडात मुरलेलं. घरी काम आणायची तेव्हाही तसंच. एकशे तेरा. तिचा डावा हात आपोआप वर झाला, पंजा उघडा. मुलगी थांबली, मग चहाचं आधण ठेवायला वळली. दोनशे चाळीसला तिने तार दातांत धरली. काय म्हणत होती ही? चहा झाला तोवर सोल्डरचा धूर डोळ्यांत गेला होता, आणि मुलगी आंघोळीला.

पावणेअकराला रेडिओ सुलटा झाला. तिने डावा हात पाठीमागे घेतला—चालू यंत्राजवळ एकच हात पुढे न्यायचा, दुसरा मागे, म्हणजे झटका छातीतून जात नाही; हे नवऱ्यानेच शिकवलेलं, लग्नाच्या पहिल्या वर्षी, तेव्हा तो बराच बोलायचा. बोलायचा की... हो, बोलायचा. व्हॉल्व्हच्या काचेत लाल ठिणगी धरली. ऊब आली. नवीन बसवलेला, सूर जुळवायचा खुंटा फिरवला तशी शीळ वरून खाली उतरत आली. कॉइल चालत होती.

अकरा. बदकं आली. खुंटा इकडे, तिकडे. बदकं जाडी झाली, बारीक झाली, माणसं होईनात. अकरा वाजून चार मिनिटं. नकाशा बरोबर, वेढे बरोबर, मग काय? हळू कर आवाज... केला, तरी फाटकाच. सहा मिनिटं. ती मंडळी बोलत होती, त्याच्याबद्दल बोलत होती आणि तिच्या टेबलावर नुसती कालवाकालव. मग वहीतली एक ओळ आठवली: बाहेरून जोर फार आला तर आतली लहर पुरी पडत नाही. तिने हात लांबवला आणि गच्चीवरून आलेली एरियलची तार उपसून काढली, फक्त वीतभर तुकडा ठेवला. सगळं एकदम दूर गेलं, बारीक झालं. खुंटा केसभर फिरवला, आणि त्या बारीक आवाजात एक माणूस उभा राहिला.

"...पहिल्या दिवसापासून तसंच," मास्तर म्हणत होते. "आपण सगळे हवेवर येताना काय विचारतो, ही जागा मोकळी आहे का? भाऊ विचारायचे, मोजणी चालू आहे का कुणाची? मी एकदा म्हटलं, अहो, कसली मोजणी? तर म्हणाले, घरची सवय. मधे बोललं की तिला पहिल्यापासून मोजावं लागतं. म्हणून आधी विचारायचं."

कुणीतरी हसलं, प्रेमाने. मास्तर पुढे म्हणाले, "आता आपण सगळेच तसं विचारतो. विचारूनच सुरू करू. मोजणी चालू आहे का कुणाची?"

आणि सगळे थांबले. ह्या असल्या पाठवण्यात कुणी बोललं नाही की मूळ लहरही नसते, काहीच नसतं. तिने कान पुढे नेला. त्या काहीच नाहीमध्ये तिला दार दिसलं—मागच्या खोलीचं नव्हे, ह्या स्वयंपाकघराचं, आणि दारात तो, हातात वही, कानावर शिसपेन्सिल. एकशे नव्वद, एकशे एक्क्याण्णव. काय हवंय? असं तिने विचारलंच नव्हतं, नुसता हात वर. तो उभा राहिला होता थोडा वेळ. मग म्हणाला होता, काही नाही, होऊ दे तुझं. वही मिटून गेला. किती वेळा? एकदा? रोज? रविवारी दार लावायचा ते... माझी मोजणी चुकू नये म्हणून? की...

"वहिनी ऐकत असतील का कुठे?" रेडिओतून दुसरं कुणी म्हणालं, आणि मास्तर काहीतरी सांगू लागले, भाऊ त्यांच्याबद्दल नेहमी...

"आई," मुलगी मागून म्हणाली, "मी आता तिकडे परत—"

तिचा डावा हात पाठीमागून सुटून वर गेला होता. पंजा उघडा. तिने तो पाहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

मागून मुलगी म्हणाली, अगदी हळू, "काही नाही. होऊ दे तुझं."

व्हॉल्व्ह तापत चालला की सूर सरकतो, हे वहीत होतं. मास्तरांचा आवाज बारीक होत, नाकात जात, बदकाचा होऊ लागला. केसभर खुंटा फिरवला असता तर परत आला असता. तिने हात खाली घेतला. उजवाही घेतला. खुर्ची दाराकडे वळवताना तिला कळलं की आपले ओठ अजून हलताहेत, कितवा आकडा ते मात्र कळत नव्हतं.

"नाही," ती म्हणाली, "तू बोल."

दारात मुलगी तशीच उभी होती, ओले केस टॉवेलात. मागे बदकं ओरडत होती. ती लेकीसाठी थांबली.