देपालपूरला गेलेलं खोकं

सोमवारी सकाळी भानुमतीनं शनिवारच्या मालातली उरलेली एक बाटली उचलली. लेबल तिरकं लागलं होतं, ते ओलं करून सरळ करावं एवढंच तिच्या मनात होतं. बूच सैल निघालं आणि मालिशच्या तेलाचा कापूर-टर्पेंटाइनचा वास थेट नाकात शिरला. लेबलावर छापलं होतं, 'खोकल्यावर गुणकारी. मुलांना एक चमचा, दिवसातून तीनदा.'

तिनं बाटली खाली ठेवली. मग पुन्हा उचलून हुंगली.

स्नेहलतागंजातल्या या औषधांच्या कारखान्यात ती दोन वर्षं लेबलं लावत होती. कारखाना म्हणजे मालक अप्पासाहेबांच्या घरामागच्या तीन खोल्या; कापराचा वास तिथे कायमच भरलेला असे. त्यांचे वडील होळकर दरबारात अधिकारी होते. दरबार गेला, मध्य भारत गेला, नवा मध्य प्रदेश होऊनही दोन वर्षं झाली, पण तोंडी हुकूम दिला की काम झालं असंच अप्पासाहेबांना अजून वाटे. माणूस वाईट नव्हता. फक्त सकाळी एक सांगे, दुपारी दुसरं, आणि त्यांचे मेहुणे प्रतापराव येऊन तिसरंच सांगत. मालिशच्या तेलाला निळ्या बाटल्या आणायच्या हे दिवाळीपासून चाललं होतं. तोवर तेल आणि खोकल्याचं औषध, दोन्ही एकाच तपकिरी बाटलीत जात.

"जनाबाई, शनिवारी कुठल्या पिंपातून भरलं?"

"दोन नंबरच्या. अप्पासाहेबच बोलले ना, खोकल्याचं दोनमध्ये आहे म्हणून." बाटल्या भरणाऱ्या जनाबाईनं हात पुसले. "हां, पण त्याच्या आधी प्रतापरावजींनी पिंपं हलवली होती. क्यों, क्या हुआ?"

भानुमतीनं तिच्या नाकाशी बाटली धरली. जनाबाईनं झटकन मान मागे घेतली.

बाकीच्या बारा बाटल्यांचं खोकं शनिवारीच गेलं होतं. भानुमती धावत पुढच्या खोलीत गेली. अप्पासाहेब लग्नपत्रिकांच्या मागे लिहिलेल्या चिठ्ठ्या उलटसुलट करत होते. तिनं सांगितलेलं त्यांनी नीट ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला, पण हात चिठ्ठ्यांतच राहिला.

"खोकं कुठे गेलं, अप्पासाहेब?"

"लिहून ठेवलंय मी. इथेच होतं. सिमरोल... नाही, देपालपूर. थांब, प्रतापला विचारू."

"ते कुठे आहेत?"

"उज्जैनला गेलाय. उद्या येईल. घाबरू नकोस, दोन्ही दुकानांना आज कार्ड टाकू. तू तोवर ती दुसरी लेबलं..."

सिमरोल एका दिशेला, देपालपूर दुसऱ्या. कार्ड पोचायला दोन दिवस. कुठल्या तरी घरात आत्ता, याच क्षणी, एखादी आई चमचा भरत असेल, आणि त्या बाटलीवरचं लेबल आपण आपल्या हातानं, कडा दाबून दाबून चिकटवलं आहे.

"खोकं घ्यायला तो लाल पगडीवाला दुकानदार आला होता," जनाबाई दारातून म्हणाली. "देपालपूरचाच. माझ्याकडे पाणी मागितलं त्यानं. पक्का."

भानुमती कोणाला न विचारता निघाली.

देपालपूरची मोटार वाटेत हातोदला अर्धा तास थांबली. ड्रायव्हर चहा पीत होता. "भिया, जरा लवकर चला ना," असं ती दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा आवाज असा फाटला की त्यानं कप अर्धाच ठेवला. खिडकीबाहेर हरभऱ्याची शेतं होती. शेतात एखादं मूल दिसलं की तिला बरं वाटे, आणि लगेच पुढच्या मुलाची धास्ती लागे.

देपालपूरच्या बाजारात लाल पगडी सापडायला वेळ लागला नाही. खोकं फळीवर उघडं होतं. तिनं बाटल्या मोजल्या. दहा.

"दो तो बिक गई, बैनजी," दुकानदार म्हणाला. तिनं कारण सांगताच तिच्याबरोबर निघायला त्यानं तिथेच चपला पायात घातल्या.

पहिली बाटली शाळेतल्या दिवाकर मास्तरांकडे होती. वास कसासाच आला म्हणून त्यांनी ती न घेता खिडकीत ठेवली होती. ती ओतून देताना भानुमतीला त्यांचे पाय धरावेसे वाटले. पण दुसरी बाटली तळ्याकाठच्या गंगाबाईनं नेली होती, पोरासाठी.

घराचं दार उघडंच होतं. आत कोणाचा आवाज नव्हता. खाटेवर गोधडीत चार वर्षांचा मुलगा पडला होता, आणि त्याच्या उशाशी तपकिरी बाटली. भानुमती उंबऱ्यातच थिजली. गोधडी हलते का, एवढंच ती बघत राहिली.

"सवेरे एक चम्मच दी थी," गंगाबाई चुलीपासून उठत म्हणाली. "उलटी हो गई. तब से सो रहा है."

गोधडी हलली. भानुमतीनं पोराला उचललं. तोंडाला कापराचा वास, श्वास भरभर, डोळे उघडले तरी नजर ठरेना. तिघं सरकारी दवाखान्याकडे धावली.

डॉक्टरांनी बाटली हुंगली, मुलाची छाती पुन्हा पुन्हा ऐकली. दुपार सरत आली तेव्हा मुलानं पाणी मागितलं. "एक ही चम्मच गया, इसलिए बच गया," डॉक्टर म्हणाले. मग कागद ओढला. "लेबल किसने लगाया?"

"मी," भानुमती म्हणाली. मग हिंदीत, "मैंने." पिंपांचं, चिठ्ठ्यांचं, निळ्या बाटल्यांचं, सगळं तिनं सांगितलं. मग त्या कागदाखाली सही केली.

दुसऱ्या दिवशी तिनं दहा बाटल्यांचं खोकं अप्पासाहेबांच्या टेबलावर ठेवलं. मुलगा वाचल्याचं ऐकून त्यांचे डोळे खरंच भरून आले. त्यांनी हात जोडले. डोळे पुसून खोक्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माल शाबूत आहे ना? मग यांच्यावर मालिशची लेबलं लावून टाक. आजच न्यायला येणार आहेत."

"कोण येणार आहे?"

"ते... लिहून ठेवलंय मी."

तिनं खोकं उचललं. अंगणातल्या मोरीपाशी बसून तिनं दहाही बाटल्या ओतल्या, एकेक करून, आणि घरी गेली. पुन्हा कामावर गेली नाही. डॉक्टरांच्या कागदावरून पंधरा दिवसांनी सरकारी माणसं आली, तेव्हा अप्पासाहेबांना परवान्याचा कागदच सापडला नाही. कारखान्याला सील लागलं. भानुमतीला दोनदा जबाबाला बोलावलं.

मग एका रविवारी ती देपालपूरला गेली. मुलगा अंगणात खेळत होता. तिला पाहून तो आईच्या लुगड्यामागे गेला. तिनं पिशवीतून संत्रं काढून पुढे केलं. त्यानं हात मागे नेले आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.

"ले ले, बेटा," गंगाबाई म्हणाली. पण भानुमतीच्या हातातून ते संत्रं आधी तिनं स्वतः घेतलं, सोललं, आणि एक फोड खाऊन बघितली.