बदकवाल्याचा सूर

सासूबाईंनी जाताना आपलं त्रान, ते सोळा तारांचं लांबोडकं वाद्य, थोरल्या सुनेच्या, लुआच्या पदरात टाकलं, आणि घरात ठिणगी पडली. नणंद न्येन सायगॉनहून आली होती. तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की वर्षश्राद्धाला वहिनींनी आईचं एक गाणं वाजवून दाखवावं, मी गाईन. नाही जमलं तर त्रान माझ्या दिवाणखान्यात जाईल.

लुआला वाद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण जन्मभर तिचं उणंदुणं काढणाऱ्या सासूने शेवटच्या आजारात आपल्या बोटांतल्या तारा छेडायच्या नख्या काढून हिच्या बोटांत घातल्या होत्या. ते आठवलं की लुआला रडू यायचं. त्रान ती कुणाला देणार नव्हती.

त्यात नवऱ्याने धूळ पुसायच्या उत्साहात तारांना उचलून धरणाऱ्या साऱ्या लाकडी घोड्या काढून वाडग्यात ठेवल्या. घोडी इकडे सरकवली की सूर चढतो, तिकडे सरकवली की उतरतो, एवढं लुआ शिकली; पण पहिला सूर आणायचा कुठून? फोनला ऐकवून लावावा, तर शेजारचा बदकवाला थाक कराओके लावून केकाटायचा आणि फोन बिचारा त्याचाच सूर पकडायचा. शेवटी ती कंटाळली. थाक रोज संध्याकाळी सासूबाईंचंच गाणं आळवायचा. त्याचा पहिला सूर धरून तिने सगळ्या तारा लावल्या आणि वर्षभर बोटं सोलून घेत ते गाणं बसवलं.

श्राद्धाच्या दिवशी नैवेद्य झाला, पाहुणे जेवायला बसले. लुआने तार छेडली, न्येनने तोंड उघडलं. वर चढली की आवाज फाटायचा, खाली उतरली की बसायचा. एक आत्याबाई भाताच्या वाडग्यात तोंड घालून हसू लागल्या. तेवढ्यात कुंपणापलीकडून थाकने तान घेतली, आणि ती त्रानशी अशी चपखल बसली की सगळे खायचे थांबले.

"वहिनी," न्येन म्हणाली, "तुम्ही आईचं त्रान बदकवाल्यासाठी लावलंत?"

लुआने मान खाली घातली. गेलं आता, एवढंच तिच्या मनात आलं. या भागात गाणारा तारेला शरण जात नाही, तारच गाणाऱ्याच्या गळ्याला लावायची असते, हे शेंबडं पोरही सांगेल. तिला मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं.

न्येन भांडेल असं सगळ्यांना वाटलं. पण तिचे डोळे भरून आले. "मी यायची असले की आई आदल्या दिवशीच माझ्या गळ्याला तारा लावून ठेवायची. मी आले की नुसतं गायचं. आता कोण लावणार?"

तेव्हा लुआला कळलं, की हिला दिवाणखान्यात ठेवायला वाद्य नकोच आहे. ती नणंदेच्या जवळ सरकून बसली. "वन्सं, तुमचा सूर धरून ठेवा. मी सरकवते."

न्येनने सूर धरला. लुआने पहिली घोडी सरकवली, ती जास्त गेली. मागे आणली, ती पडली. दम संपला की न्येन श्वास घ्यायची, डोळे पुसायची, "अजून खाली, अजून," म्हणत परत सूर धरायची. सूप निवलं. म्हातारे पानावरच पेंगले. थाकला तर मामंजींनी शेवटी आत बोलावून जेवायला बसवलं, निदान तोंड बंद राहील म्हणून.

उन्हं कलली तेव्हा कुठे गाणं झालं. दोनदा चुकलं, पण झालं.

निघताना न्येनने त्रानवर स्वतःच्या हाताने कापड घातलं आणि दारात वळून म्हणाली, "नववर्षाला येईन. आदल्या दिवशी लावून ठेवा, वहिनी."