फावड्याची चिठ्ठी

“मूळ ग्रीकमध्ये फावडं नव्हतंच!” म्हातारे मास्तर धापा टाकत खुर्चीत बसले आणि त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. “लाकडी काठवट होती. काठवटीला काठवट म्हणायचं. एका पंडितानं लॅटिनमध्ये आणताना तिचं फावडं करून टाकलं, आणि इंग्रज आजतागायत फावड्याला फावडं म्हणताहेत. अर्थ तोच, जे आहे ते तोंडावर सांगायचं. पण चूक ती चूक. कोशात तेवढी नोंद घाला.”

समोरच्या कारकुनानं मान डोलावली. प्रकाशन खात्यात सगळे त्याला साखरभाऊ म्हणत. नकार कळवायचा तो यानंच, कारण माणूस हसतमुखानं परत जाई. मास्तरांचा इंग्रजी वाक्प्रचारांचा कोश छापायचा नाही, हे चार वर्षांपूर्वीच ठरलं होतं. पण मास्तर दर महिन्याला नवी दुरुस्ती घेऊन दोन जिने चढून येत आणि हा दर महिन्याला म्हणे, “वाचन चालू आहे.” गोड बोलायला काय कष्ट पडतात, असं लोकांना वाटतं. साखरभाऊ पार शिणून गेला होता.

आज कपाट रिकामं करायचा हुकूम होता. कोशाचा गठ्ठा त्याच्या पायाशीच होता. तो त्यानं उचलून टेबलावर ठेवला.

“मास्तर, सध्या हे तुम्ही घरी ठेवा, पुढे बघू...” जीभ सवयीनं वळली आणि अडखळली. म्हाताऱ्याच्या कपाळावरचा घाम अजून वाळला नव्हता. “नाही. पुढे काही नाही. हे छापणार नाहीत. चार वर्षांपूर्वीच ठरलंय. मी तुमच्याशी खोटं बोलत आलो.”

मास्तरांनी गठ्ठा मांडीवर ओढला. सुतळीच्या गाठीवरून बोट फिरवलं.

“ही दुहेरी गाठ आमच्या हिची. माझी सुटते म्हणून तिनंच बांधून दिली होती.” त्यांनी वर पाहिलं. “म्हणजे कुणी उघडलंच नाही.”

“नाही.”

“जायच्या आदल्या दिवशी विचारत होती, कुठवर आलं म्हणून. मी म्हटलं, वाचन चालू आहे.”

साखरभाऊला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “खालपर्यंत मी आणून देतो,” म्हणत त्यानं हात पुढे केला.

“राहू द्या. सांगितलंत, तेवढं पुरे.”

मास्तरांनी टेबलावरची चिठ्ठी उचलली, गाठ न सोडता सुतळीखाली हळूच सरकवली, आणि गठ्ठा छातीशी धरून ते एकेक पायरी उतरू लागले.